चाकांवर पाणी

गाडी बघायला इंदापूरला जायचं ठरलं तेव्हा रंगूबाईंनी नेहमीचंच सांगितलं, तुमी जावा, मी हाय घरी. म्हशींचं कोण बघणार, पाटाला पाणी सुटलंय, दारात कुणीतरी पाहिजे. कारणं तीच ती होती आणि घरात कुणी ती आता ऐकतही नव्हतं. आबासाहेबांनी उपरणं खांद्यावर टाकलं, संदेशनं किल्ल्या घेतल्या. फक्त निकिता छकुलीला थोपटत उंबऱ्यात रेंगाळली. सासूच्या या 'मी हाय घरी'चं खरं कारण अख्ख्या कोऱ्हाळ्यात त्या एकट्या सुनेला ठाऊक होतं.

"आई, बघून येते," ती म्हणाली. "आत सगळं नीट हाय का ते."

रंगूबाईंनी तिच्याकडं न बघता नातीच्या टोपड्याची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "सगळं म्हंजे?"

"तेच."

"बघ बाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

छकुली झाली तेव्हाची गोष्ट. बाळंतपणानंतर लघवी आवरत नव्हती, म्हणून निकिताला साधं शिंकायचीही धास्ती बसली होती. एकदा बाळाला तेल लावता लावता ती खळखळून हसली आणि हसता हसताच रडायला लागली, तेव्हा रंगूबाईंनी काही विचारलं नाही. दोरीवरचा वाळलेला परकर आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुझं जाईल, माझं संदेशच्या येळंपासनं हाय. मग हळूहळू सगळं निघालं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी सासूला उतार पडला होता, पण घरापासून लांब गेलं की भरवसा नव्हता. त्यातून गुडघे असे, की रस्त्याकडेला आडोसा मिळाला तरी बसता येत नव्हतं. कुठं जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, चहा तोडायचा, जीभ टाळूला चिकटेपर्यंत. एवढं करूनही लेकीच्या, राजेश्वरीच्या, इंदापुरातल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला निघाल्या त्या लासुर्ण्याच्या पुढं जाऊ शकल्या नाहीत. चक्कर येतीय म्हणून जीप माघारी फिरवायला लावली. तेव्हापासून लग्न नाही, बारसं नाही, लेकीचा उंबरा नाही. कुणाला सांगू नगंस, एवढंच त्यांनी सुनेला बजावलं होतं. ह्यांना तर मुळीच नको.

म्हणून संदेशनं मोबाईलवर त्या चाकावरच्या घराची जाहिरात दाखवली तेव्हा निकितानं पलंग, ओटा, छतावरचा पंखा, काहीच पाहिलं नाही. शेवटच्या फोटोतल्या अरुंद दारावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या मागं लागली. बायकोला फिरायची हौस आहे असं संदेशला वाटलं. ती त्याला स्वतःलाही होतीच. नवल वाटलं ते आबासाहेबांचं. त्यांना पटवावंच लागलं नाही.

*

आबासाहेबांनी कारण कुणाला सांगितलं नव्हतं. तरुणपणी ते बैलांच्या बाजारांना गाडीनं जात, गाडीखालीच झोपत, तीन दगडांवर कालवण रटरटवत. ट्रॅक्टर आला, शेवटची जोडी गेली, आणि तेही सुख गेलं. पण खरी गोष्ट वेगळी होती. बायको घर सोडत नाही, तिला कशाचा राग आहे हे विचारायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. आता फोटोत ते घर बघून त्यांच्या डोक्यात आलं, की घरच चाकावर निघालं तर 'मी हाय घरी' म्हणून ती मागं कशी राहील? देव्हाऱ्यातले चांदीचे टाक घ्यायचे, तिला घ्यायचं आणि जेजुरी गाठायची. या विचारानं ते इतके खूश होते, की इंदापूर येईस्तोवर आपल्याशीच हसत होते.

गाडी ज्ञानेश नावाच्या तरुणाची होती. जुनी ट्रॅव्हलर, सीट काढून आत घर बसवलेलं. उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना तो त्यातून फिरवायचा. आता त्यानं पाण्याकाठी खोल्या बांधल्या होत्या आणि गाडी विकायला काढली होती. तो आबासाहेबांच्या जावयाचा, विजयसिंहाचा शेजारी. त्यामुळं सगळे राजेश्वरीच्या घरी चहा घेऊन पलीकडच्या मोकळ्या जागेत गेले. चहा देताना राजेश्वरीनं आईचं नाव काढलं नाही. न विचारताच संदेश सांगायला लागला, की आई यायचीच होती, पण पाटाला पाणी. तिनं त्याच्या हातात बशी दिली आणि म्हणाली, "पाटाला बरं माझ्याच येळंला पाणी असतं."

आबासाहेब गाडीच्या पुढं गेले नाहीत. बैल घेताना ते आधी मागं जाऊन उभे राहत, तसेच इथंही राहिले. मग एका अंगानं फिरले, पत्र्यावर थाप मारली, वाकून पोट बघितलं आणि चालवून दाखवा म्हणाले. ज्ञानेशनं गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली.

"आबा, दात बघायचं राहिलं," विजयसिंह म्हणाला.

"बघायचेत की," म्हणून त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

आत मात्र ते लहान पोरासारखे झाले. पलंग दाबून पाहिला. ओट्यावरची शेगडी पेटवून विझवली. नळ सोडला आणि पाणी आलं तेव्हा संदेशला हाक मारून दाखवलं. मग शेवटचं अरुंद दार उघडलं.

"ह्यात काय?"

"बाथरूम, आबा. कमोड आहे. टाकी खाली."

आबासाहेबांनी दाराकडं पाहिलं, मग ओट्याकडं. मधे दोन हातांचं अंतर. "हितं सैपाक?"

"हो."

"अन् हितं हे?"

"सगळं कसं जवळ," ज्ञानेश कौतुकानं म्हणाला.

जिथं देव ठेवायचे आबासाहेबांनी मनात धरलं होतं, ती जागा नेमकी त्या दाराला लागून होती. खाली उतरले, ज्ञानेशला बोलावलं, त्याचा हात हातात घेतला आणि बैलबाजारातल्यासारखं वर उपरणं टाकलं.

ज्ञानेश दचकला. त्यानं फोनवर किंमत सांगितली होती. ती तो पुन्हा सांगायला लागला तर आबासाहेबांनी त्याला गप्प केलं. किंमत तोंडानं बोलायची नसती, चार माणसं ऐकत्यात. ऐकणारी चारही माणसं घरचीच होती. मग उपरण्याखाली शिकवणी सुरू झाली, कारण त्या पोराला कुठल्या बोटाचा अर्थ काय हेच माहीत नव्हतं. हे धरलं की हे, एवढं दाबलं की निम्मं, असं आबासाहेब त्याच्या कानात सांगत होते. ज्ञानेशच्या कपाळावर आठ्या चढत होत्या, विजयसिंह तोंडाला रुमाल लावून उभा होता. बऱ्याच वेळानं उपरणं निघालं. आबासाहेबांनी त्याच्या तळव्यावर टाळी दिली.

"ठरलं. संडास काढून घ्यायचा तुमी, नव्या खोलीला होईल. ते धरून सौदा झाला."

ज्ञानेशनं मान हलवली आणि हळूच विजयसिंहाला विचारलं, "दादा, मी कितीला हो म्हणालो?"

सगळे हसले. गाडीच्या खिडकीतून बघणारी निकिता तेवढी हसली नाही.

*

राजेश्वरीला वाटलं छकुलीचे कपडे बदलायला मदत हवी असेल. भावजयीनं खिडकीतून खूण केली म्हणून ती गाडीत चढली, तर निकितानं तिला हात धरून त्या अरुंद दारातून आत ओढलं आणि कडी लावली. दोघी आणि मधे पोर. कोपर हलवायला जागा नव्हती.

"ताई, हा काढून देऊ नका."

"काय?"

"हाच," निकिता म्हणाली. छकुली तिच्या बांगड्या ओढत होती. "मी शब्द दिलाय कुणाला सांगणार नाही म्हणून. पण तुम्ही म्हणजे कुणी परक्या नाही."

तिनं हलक्या आवाजात सगळं सांगितलं. राजेश्वरी आधी उभी होती. सांगणं निम्म्यावर आलं तेव्हा झाकणावर खाली बसली.

इतकी वर्षं तिनं एकच धरून ठेवलं होतं. सासरच्यांपासून वेगळं होऊन घर बांधलं ते आईला आवडलं नव्हतं, आईनं तसं बोलूनही दाखवलं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी ओटी घेऊन ती दारात उभी राहिली होती. भटजी घाई करत होते, आणि फोन आला की आई लासुर्ण्यापासनं माघारी गेली. चक्कर! तिनं त्या दिवशी कुणाला दिसू न देता आईसाठी आणलेलं लुगडं कपाटाच्या तळाशी घातलं होतं. नंतर माहेरी जाई ती पाहुण्यासारखी. चहा घ्यायचा, पाया पडायचं, निघायचं. आणि आई तिला निघताना नेहमी विचारायची, तुझ्या घरात संडास खाली बसायचा का खुर्चीचा, आत का भायेर? त्यावर ती काय म्हणायची? तुला काय करायचंय, तू कुठं येणार हायस.

"मला वाटायचं ती टोमणा मारतीय," ती म्हणाली.

निकितानं छकुलीला तिच्या मांडीवर दिलं, कारण राजेश्वरीचे हात रिकामे होते आणि त्यांना काहीतरी हवं होतं. पोरीनं आत्याच्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली. राजेश्वरी रडत होती आणि मधेच हसत होती.

"बाई गं, कुठं बसून ऐकतीय मी हे."

"आबांना सांगू नका पण."

"सांगत न्हाय." तिनं पदरानं डोळे पुसले, कडी काढली. "आबांना कसं धरायचं मला ठावं हाय. त्यांच्याच बाजारात."

*

खाली आबासाहेब ज्ञानेशला इसाराची आगाऊ रक्कम कधी पाठवणार ते सांगत होते. राजेश्वरी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, सौदा झाला न्हाय."

"टाळी दिली मी."

"टाळी देऊन जनावर दारात येतं. दारात आल्यावर काय व्हतं आपल्या घरात?"

आबासाहेबांनी गाडीच्या चाकांकडं पाहिलं. त्यांच्या घरची रीत होती, नवं जनावर आलं की घरच्या बाईनं त्याच्या पायावर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग ते घरचं झालं. त्यांच्या आईनं एकदा एका खोंडाकडं बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. वडील तो खोंड तसाच माघारी बाजाराला घेऊन गेले होते. ही गोष्ट त्यांनीच लेकीला शंभरदा सांगितली होती.

"आजीनं बघितल्याबिगर बैल घेतला का कधी आज्यानं? मग ही गाडी आधी हाय तशी कोऱ्हाळ्याला जाऊ द्या. समद्या सामानासकट. आईला बघू द्या. ती म्हणाली काढा, तर काढा."

"अगं, पर संडास अन् देव..."

"देव तिचेत. रोज ती पुजती. तुमी पुजता का?"

विजयसिंहानं घसा साफ केला आणि म्हणाला, तुमच्या पोरीचं बरोबर आहे आबा. सासऱ्याविरुद्ध त्यानं आजवर अवाक्षर कधी काढलं नव्हतं. ज्ञानेशला तर सौदा मोडला काय आणि जुळला काय, आकडाच कळला नव्हता. तो म्हणाला, दोन दिवस फिरवून आणा, मग बोलू. संदेशनं घरची गाडी तिथंच ठेवून आनंदानं ही चावी घेतली. आबासाहेबांनी एकेकाकडं बघितलं. सकाळी सगळी त्यांच्या बाजूची होती.

"तूबी येतीस का मग?" त्यांनी लेकीला विचारलं.

"येतीय की," राजेश्वरी म्हणाली, आणि आत जाऊन कपाटाच्या तळातून काहीतरी पिशवीत घालून आली.

*

हॉर्न ऐकून रंगूबाई बाहेर आल्या तेव्हा उन्हं उसावरून उतरत होती. पांढरी, उंच गाडी गोठ्यापुढं उभी होती आणि तिच्यातून सगळ्यांत आधी राजेश्वरी उतरली. पाहुण्यासारखी नाही. धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. लहानपणी यात्रेत चुकून सापडल्यावर पडली होती तशी.

रंगूबाईंनी तिच्या खांद्यावरून सुनेकडं बघितलं. निकितानं मान खाली घातली. सांगितलं म्हणजे हिनं. त्यांना राग यायला हवा होता, पण लेकीच्या केसांना तोच जुना वास येत होता आणि राग काही येईना.

"पाणी आण," आबासाहेब म्हणाले. "पर आधी आत बघून घे. एका गोष्टीचा निकाल तुला करायचाय."

रंगूबाई एकेक पायरी धरून चढल्या. पलंग पाहिला, ओटा पाहिला. अरुंद दार उघडून आत उभ्या राहिल्या, दार लावून घेतलं. बाहेर सगळे थांबले होते. आत पांढरं स्वच्छ भांडं होतं, उंच, गुडघे न दुमडता बसता येईल असं. शेजारी धरायला दांडी होती. लहानशी खिडकी, तिच्यातून आपलाच ऊस दिसत होता. दांडी त्यांनी हातानं हलवून पाहिली. पक्की होती.

दार उघडलं तर समोर आबासाहेब. मागं सगळी.

"तूच सांग," ते म्हणाले. "हितं आपलं देव ठेवायचं मी धरलं हुतं. अन् त्याला लागून हे असलं. काढून टाकायचं का न्हाय?"

निकितानं छकुलीला घट्ट धरलं. राजेश्वरी बोलायला गेली, पण तिला आईच्या नजरेनं थांबवलं. रंगूबाईंना कळत होतं, की काढून टाका म्हणणं फार सोपं आहे. सगळे सोवळ्याचं कौतुक करतील, गाडी निघून जाईल आणि दारात हात हलवायला त्या एकट्या उरतील. आणि राहू द्या म्हटलं, तर का, हे पुढं येणारच. तोंडावर पदर घेऊन जन्मभर जे झाकलं ते चार माणसांत.

"देव माझ्या मांडीवर बसतील," त्या म्हणाल्या. "म्होरं. ते ऱ्हाऊ द्या."

"तुझ्या मांडीवर? म्हंजे तू..."

"मी येणार हाय." त्यांनी दाराची चौकट धरली. "कुठं न्ह्याल तितं येणार हाय. पर ते ऱ्हाऊ द्या."

आबासाहेब त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्या दाराकडं. मग पुन्हा त्यांच्याकडं. टोपी काढून डोकं खाजवलं आणि काहीच न विचारता पायऱ्या उतरले.

रंगूबाईंनी तांब्या आणला. चारी चाकांवर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून लांब टाकला. म्हैस रेकली. संदेश म्हणाला, आता ह्या गाडीला दावं बांधू का, आणि आबासाहेब हसले नाहीत. ते घराच्या ओट्यावर एकटेच बसले होते, बोटांनी कसलातरी हिशेब करत. कुठली कुठली लग्नं, कुठली कुठली बारशी.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरीला सोडायला म्हणून सगळे निघाले, पण सोडायला कुणी निघालं नव्हतं हे म्हशींनाही कळत होतं. त्यांचं बघायला शेजारची नकोशी नावाची पोरगी आली होती. रंगूबाई लेकीनं आणलेलं लुगडं नेसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर लाल फडक्यात देव होते. निकितानं एक बघितलं होतं. सकाळचा चहा सासूनं घेतलाच नव्हता. कप तसाच पालथा होता. इतक्या वर्षांची सवय एका तांब्यानं धुतली जात नाही.

माळेगाव मागं पडलं, बारामतीही गेली. संदेश गाणं लावून त्याच्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होता. छकुली पलंगावर लोळत होती आणि प्रत्येक वळणाला घसरून आत्याच्या कुशीत जात होती. विजयसिंहाचा फोन आला, पोचला का, मटण आणलंय. रंगूबाई खिडकीतून बघत हसत होत्या. सणसर ओलांडलं तसं त्यांचं हसणं थांबलं. हाताची मूठ सीटच्या कडेवर आवळली. पुढं लासुर्णं होतं. गाडी थांबवा म्हणायचं होतं. दार होतं, दांडी होती, सगळं होतं, आणि तरी पुरुषमाणसांसमोर उठून तिकडं जायचं म्हणजे.

"संदेश, गाडी कडंला घे," आबासाहेब म्हणाले.

"काय झालं?"

"ऊस बघायचाय."

"ऊस?"

"व्हय. चला, समदी खाली उतरा. पोरीलाबी घ्या, मोकळी हवा लागंल तिला." बायकोकडं न बघता ते म्हणाले, "तू बस. देव हायेत तुझ्यापाशी."

सगळे उतरले. रस्त्याकडेच्या कुणाच्यातरी उसापुढं आबासाहेबांनी त्यांना एका ओळीत उभं केलं, गाडीकडं पाठ करून, आणि बोलायला लागले. पेरं बघा, पान बघा, पाणी कमी पडलंय का जास्त ते ओळखा. संदेश म्हणाला, आबा, हा तर आपल्यासारखाच ऊस हाय.

"असू दे. बघ."

संदेशनं सहज मान वळवली तर त्यांनी त्याची हनुवटी धरून परत उसाकडं केली. राजेश्वरीनं निकिताच्या दंडाला चिमटा काढला.

गाडीत रंगूबाई क्षणभर तशाच बसून होत्या. मग उठल्या. देवांना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं, तोंड रस्त्याकडं करून, आणि त्या अरुंद दाराकडं गेल्या.

बाहेर आल्या, हात धुतले. खिडकीतून पाहिलं तर त्यांची सगळी माणसं ओळीनं उभी होती आणि त्यांना दिसत होत्या त्या फक्त पाठी. सगळ्यांत ताठ पाठ नवऱ्याची. तो अजून बोलतच होता. एवढं सलग तो लग्नाच्या बोलण्यांतही बोलला नसेल.

राजेश्वरी छकुलीचं टोपडं न्यायला पायरी चढून आत आली. आई पुन्हा सीटवर बसली होती, देव मांडीवर, चेहरा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.

"राजे, पाणी दे गं."

राजेश्वरी टोपडं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तांब्या नळाखाली धरला.

"भरून दे," आई म्हणाली.

ती पाणी प्यायला लागली. सावकाश, डोळे मिटून, मधे श्वास घेऊन पुन्हा. पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडलं, तेही तिनं पुसलं नाही. बाहेरून, मान न वळवता, आबासाहेबांनी विचारलं, निघायचं का.

"थांबा की," रंगूबाई म्हणाल्या. "पाणी पितीय मी."